डावरी

सकाळचे साडेनऊ झाले होते आणि शालन मोटे कॉटवर मांडी घालून सागरगोटे खेळत होती. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिच्या डोक्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. न्हावी नुकताच येऊन गेला होता. अकरा वर्षांची पोर, डोकं सफाचट, त्यामुळे कान एकदम मोठे दिसत होते. मी वॉर्डात आले होते ती उगाच, तोंड दाखवायला. माझं काम आठ दिवसांपूर्वीच संपलं होतं आणि अहवाल सहीनिशी फाइलला लागला होता.

ती खेळात इतकी रंगली होती की मी दारात उभी आहे हे तिला कळलंच नाही. एक गोटा वर उडवला, खालचे चार झपाट्यात गोळा केले, वरचा अलगद झेलला. पुन्हा उडवला, पुन्हा झेलला. एकदाही चूक नाही. मी कौतुकाने बघत राहिले, आणि मग माझ्या ध्यानात आलं. ती हे सगळं डाव्या हाताने करत होती.

"शालन," मी हाक मारली.

ती दचकली. गोटे झटक्यात उजव्या हातात गेले. मला दाखवायला म्हणून तिने एक वर उडवला, तो बोटांवर आपटून थेट कॉटखाली गेला.

"हात का बदललास गं?"

"तुमी आलासा म्हनून."

"आणि आत्या असली म्हणजे?"

"आत्या असली की ह्योच." तिने उजवा हात वर केला. "ती च्या आनाया गेलीया."

मी तिच्याजवळ बसले आणि तिचा डावा हात हातात घेऊन उलटा केला. तळव्यावर दोन काळपट डाग होते, जुने, कडेने ताणलेले. आठ दिवसांपूर्वी हाच हात दोन तास माझ्यासमोर टेबलावर पालथा पडला होता, आणि मी तो एकदाही उलटून बघितला नव्हता.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मुलांच्या मेंदूची मानसतज्ज्ञ म्हणून लागून जेमतेम वर्ष झालं होतं. आता या नावाचं कुणाला नवल वाटत नाही, पण तेवीस वर्षांपूर्वी आमच्या निम्म्या डॉक्टरांनाही मी नेमकं काय करते ते सांगता आलं नसतं. 'त्या चित्रं दाखवणाऱ्या सबनीसबाई' एवढीच माझी ओळख. मी चित्रं दाखवायचे हे खरंच होतं. ठोकळे जुळवायला द्यायचे, गोष्ट सांगून अर्ध्या तासाने ती परत विचारायचे, शब्दांच्या याद्या पाठ करून घ्यायचे. पोराला वाटायचं, बाई आपल्याशी खेळतात. त्या खेळातून त्याच्या मेंदूचा कोणता भाग धड आहे आणि कोणता कुरकुरतोय, ते हुडकून काढायचं हे माझं काम.

शालनला पाच वर्षांची असल्यापासून आकडी येत होती. दिवसाला दोन, कधी चार. औषधं सगळी करून झाली होती. आटपाडीकडच्या एका वस्तीवर तिचं घर. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परतायचे, आणि शालनला आत्याकडे ठेवायचे. फडावर कोयते, बैलगाड्या आणि उघड्यावरच्या चुली. तिथे हिला नेणार कशी? शाळेने तिसरीतच घरी पाठवलं, बाकीची पोरं घाबरतात म्हणून. पाण्यावर जाऊ द्यायचं नाही, चुलीपाशी बसू द्यायचं नाही. आत्या रानात गेली की दाराला बाहेरून कडी. पोर दिवसाचे सात-आठ तास कोंडलेली असायची. तपासणीत दिसलं होतं की आकडी मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, मागच्या बाजूला एका ठिकाणी सुरू होते. तेवढी जागा काढली तर आकडी थांबेल, कडी निघेल, पोर शाळेत जाईल, अशी सगळ्यांना आशा होती. दिल्लीहून एक सर्जन तीन महिन्यांतून दोन दिवस आमच्याकडे येत. त्या दोन दिवसांत शालनचा नंबर लागायला दीड वर्ष लागलं होतं.

आता त्या हाताचं. बहुतेक माणसांची वाणी मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, म्हणून उजवीकडे सुरी चालवताना बोलणं जायची धास्ती नसते. डावखुऱ्यांचं मात्र सांगता येत नाही. त्यांच्यातही बऱ्याच जणांची वाणी डावीकडेच असते, पण काहींची उजवीकडे निघते. म्हणून मूल कोणत्या हाताचं आहे हे ऑपरेशनआधी मी लिहून द्यायचं. डावखुरं असेल तर आणखी एक तपासणी, नसेल तर थेट ऑपरेशन. शालनच्या अहवालात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'उजवी. पुढील तपासणीची गरज नाही.'

हे मी कसं लिहिलं? बंगळूरला शिकताना पहिल्याच आठवड्यात आम्हाला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, की तपासताना मूल एकटं हवं. आई नको, बाप नको, कुणी नको. पण त्या दिवशी शालनने आत्याचा पदर मुठीत धरून ठेवला होता, बाहेर तीन मुलं ताटकळत होती, आणि मी म्हटलं, बसू दे आत्याला कोपऱ्यात. कोणत्या हाताने लिहितेस, जेवतेस, केस विंचरतेस, दगड भिरकावतेस, असे दहा प्रश्न होते. त्यातल्या सहांची उत्तरं कोपऱ्यातून आली. उरलेल्या चारांना शालनने आधी कोपऱ्यात बघितलं आणि मग उत्तर दिलं. मी भराभर दहा खुणा केल्या, दहाही उजव्या रकान्यात. अकरावा प्रश्न असा होता, की मुलाचा हात लहानपणी बदलला आहे का, कारण हात बदलला तरी मेंदूतली वाणीची जागा बदलत नाही. तो मी विचारलाच नाही. तिथे एक आडवी रेघ मारून पुढे गेले.

बायडाआत्या जिन्यात भेटली. हातात चहाचा तांब्या, त्यावर पालथा घातलेला पेला. पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भावाची ही एक पोर तिने तळहाताच्या फोडासारखी सांभाळलेली. सकाळी कापलेली शालनची वेणी तिने वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली होती.

"आत्या, शालन लहानपणी डावरी होती का हो?"

तांब्या तिने खालच्या पायरीवर ठेवला. "कोन म्हनतंय?"

"मी विचारतेय."

"आमच्या घरान्यात डावरं कुनी न्हाई. लिवती उजव्यानं, जेवती उजव्यानं. परवा तुमीच इचारलंसा आन् तुमीच लिवून घेतलंसा की."

"घेतलं. चुकलं माझं."

"मग आता ऑप्रेशनच्या तोंडावर कशापायी उकरून काढताय?"

"तिच्या तळहातावर डाग आहेत."

"भाजलंय."

"बिब्ब्याने?"

तिने पदर ओढून घेतला आणि जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. वरून एक नर्स ट्रे घेऊन आली, आमच्यामधून वाट काढत खाली गेली. हिला आता दरडावून काही निघणार नाही, हे मला कळत होतं. माझ्याकडे तिला सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती मी जन्मात कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही.

"माझी आई नाडीने बांधायची," मी म्हटलं. "परकराच्या नाडीने. जेवायला बसले की डावा हात पाठीमागे कमरेला बांधून टाकायची. लिहायला बसले तरी तेच. तीन वर्षं. चिपळूणला आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला याचं वाईटसुद्धा वाटत नव्हतं."

आत्याने वळून माझ्या हातांकडे बघितलं, एकदा एका, एकदा दुसऱ्या.

"मंजी तुमी डावऱ्या?"

"हो."

"आन् तरी डागतर झालासा?"

"झाले."

ती पायरीवर खाली बसली. मीही तिच्या शेजारी बसले. तांब्यावरचा पेला सरळ करत ती हळू आवाजात बोलायला लागली.

"पोरीची जात, बाई. उद्या लोकाच्या घरी जानार. पंगतीत डाव्या हातानं वाढाया लागली तर लोकं ताटावरनं उठतील. तिला तोंडानं सांगितलं, चापट मारली, काय उपेग न्हाई. मग शेजारनीनं सांगितलं, बिब्बा लाव. दोन येळा लावला. लई फोड आलं. रात रात रडली, पर हात बदलला."

"मग?"

"मग म्हैना झाला आन् पोर अंगनात आडवी झाली. ती पयली आकडी. त्या बिब्ब्याचीच आग डोस्क्यात गेली न्हवं? म्हनून मी कुनाला बोलले न्हाई. भावाला न्हाई, भावजयीला न्हाई. तुमी इचारलंसा तवा वाटलं, आता ह्या बाईला कळलं, की मीच पोरीचं वाटुळं केलं."

"आत्या, बिब्ब्याने आकडी येत नाही."

"माजी समजूत नगा घालू."

"समजूत नाही घालत. तिच्या मेंदूत ती जागा जन्मापासूनच तशी आहे. बिब्बा लावला नसता तरी आकडी आलीच असती."

"देवाशप्पत?"

"देवाशप्पत."

आत्याने पदराचा बोळा तोंडात घातला आणि ती आवाज न करता रडली. सहा वर्षं ही बाई असा समज उराशी धरून त्या पोरीचं सगळं करत होती. मला तिचा राग यायला हवा होता. मला माझ्या आईचा राग येतो, अजूनही येतो. पण त्या पायरीवर मला आत्याचा राग आला नाही, तिची दयाच आली, आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

डॉ. आठल्ये आमच्या विभागाचे प्रमुख. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं होतं, बाकीच्यांचा विरोध असताना. त्यांचा आवाज कधी चढत नसे, म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटायची. मी सगळं सांगून टाकलं. आत्या खोलीत होती हेही सांगितलं आणि अकराव्या प्रश्नावर मारलेली रेघही सांगितली.

त्यांनी फाइल उघडली आणि माझा तक्ता काढून बराच वेळ बघितला.

"उद्याची तारीख मी या कागदावर घेतली आहे, सबनीस."

"हो सर."

"आज संध्याकाळी सर्जन उतरतायत. उद्या ही केस गेली तर पुढची तारीख एप्रिलमध्ये. ती माणसं परत येतील याची खात्री काय? गेल्या वर्षीची ती बार्शीची मुलगी आली का परत?"

"नाही सर."

"डावखुऱ्यांमध्ये उजवीकडे वाणी किती जणांची?"

"साधारण सहात एक."

"म्हणजे सहात पाच वेळा आपण उगाच गोंधळ घालतोय."

"आणि एकदा तिची वाचा काढून घेतोय."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बाहेर जायला सांगतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "इतका साधा प्रश्न. तुमच्यासारख्या चोख बाईकडून राहिलाच कसा?"

मला उत्तर माहीत होतं. शिकताना आम्ही विद्यार्थी एकमेकांवर तपासण्या करून बघायचो. तेव्हा माझ्या जोडीदारणीने तोच अकरावा प्रश्न मला विचारला होता, आणि मी हसून 'छे' म्हटलं होतं. तेव्हापासून तो प्रश्न आला की माझी नजर आपोआप पुढच्या ओळीवर जायची. एका वर्षात मी चाळीसएक मुलं तपासली होती. त्यांतल्या किती जणांना तो विचारला, हे त्या क्षणी मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

"चूक झाली, सर," एवढंच मी म्हटलं.

"दुपारी अडीचला तपासणी करून घेऊ. मी बोलतो खाली." त्यांनी चष्मा परत चढवला. "पण एक लक्षात ठेवा. तुमची शंका खरी निघाली, तर तुम्ही त्या पोरीचं भलं केलं असं समजून घरी जाऊ नका."

तेव्हा मला ते बोलणं कठोर वाटलं होतं. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, की माझी शंका खोटी निघू दे, मला मूर्ख ठरव, विभागभर माझं हसं होऊ दे.

ती तपासणी अशी: मांडीतून एक बारीक नळी घालून ती मानेतल्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची, आणि तिच्यातून असं औषध सोडायचं की मेंदूचा एकच अर्धा भाग चार-पाच मिनिटं झोपेल. उजवा झोपवायचा आणि मूल बोलतं का बघायचं. नळी घालणारे डॉक्टर वेगळे. मुलाच्या उशाशी उभं राहून त्याला बोलतं ठेवायचं काम माझं. मी शालनला आधीच सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दुखतंय का?" मी म्हटलं, टोचताना थोडं. "मग चालतंय," म्हणाली. आईबाप फडावर होते, म्हणून आत्याने कागदावर अंगठा दिला. या वेळी ती दाराबाहेर बसली.

अडीच वाजता शालन त्या थंडगार खोलीत आडवी होती, हिरव्या कापडाखाली, दोन्ही हात वर छताकडे धरलेले. मी वाकून तिच्या अगदी तोंडासमोर तोंड नेलं.

"मोज बघू. मोठ्याने. मी थांब म्हणेपर्यंत."

"एक, दोन, तीन," ती शाळेतल्यासारखी सुरात मोजायला लागली. दहाच्या सुमाराला डॉक्टरांनी मान हलवली आणि औषध सोडलं. "चौदा, पंधरा, सोळा, सतरा."

डावा हात हळूहळू खाली आला आणि कापडावर पडला. ते व्हायचंच होतं, तो हात झोपलेल्या भागाच्या ताब्यातला. मी अठराची वाट बघत होते.

अठरा आला नाही.

"शालन, पुढे? सतरा, अठरा..."

तिचे डोळे टक्क उघडे होते. तोंड थोडं उघडलं आणि तसंच राहिलं. मी कंगव्याचं चित्र धरलं. "हे काय आहे?" तिने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. किल्ली दाखवली. कासव दाखवलं. काहीच नाही. उजवा हात अजून वर होता, ताठ, आणि त्याची बोटं उघडत होती, मिटत होती. मी घड्याळाकडे बघून कागदावर एकेका चित्रापुढे शून्य लिहीत होते. माझं काम तेवढंच होतं. तिचा हात धरायची मला मुभा नव्हती, कारण हात धरणंही मदत ठरतं. चार मिनिटं मी त्या पोरीच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर उभी होते आणि आत ती आहे की नाही हे मला कळत नव्हतं.

पाचव्या मिनिटाला घशातून आवाज आला. "ते... ते ह्ये." कंगव्याला ती "ते केसाचं" म्हणाली. कासवाला आधी 'किल्ली' म्हणाली, मग स्वतःच मान हलवली. सातव्या मिनिटाला सगळं परत आलं. मी 'थांब' म्हटलेलं नव्हतं हे तिच्या ध्यानात होतं, म्हणून तिने अठरापासून मोजायला सुरुवात केली.

काचेपलीकडे डॉ. आठल्ये उभे होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." मग जरा थांबून म्हणाले, "जागा नेमकी मागची आहे. वाणी तिथेच असणार. तिथे सुरी लावण्याइतकी तयारी आज आपल्याकडे नाही. सर्जनना मी कळवतो. रद्द."

"पुढे कधी?"

"पुढे कधी तरी साधनं येतील. आज तरी नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आत्याला मी बाकावर बसून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशन केलं तर पोर मुकी होईल, असं मी सोप्या शब्दांत म्हटलं, तेव्हा तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मला वाटलं, माझे आभार मानतेय. मग ती म्हणाली, "मंजी कडी हायेच."

"औषधं बदलून बघू, आत्या."

"व्हय," ती म्हणाली, आणि पिशवी आवरायला उठली.

मी वर गेले तेव्हा शालन उताणी पडली होती. नळीमुळे तिला सहा तास पाय हलवायचा नव्हता. सागरगोटे उशाशी चिंधीत बांधून ठेवले होते. मी स्टूल ओढून बसले आणि तिला सांगितलं, की उद्याचं ऑपरेशन होणार नाही.

"का?"

"जिथनं आकडी येते ना, तिथेच तुझं बोलणंही आहे. ती जागा काढली तर बोलणं जाईल."

"मगाशी गेलं तसं?"

"तसं. पण कायमचं."

तिने छताकडे बघत जरा विचार केला. मग मान माझ्याकडे वळवली.

"मगाशी लई वाईट न्हवतं," ती म्हणाली.

"काय?"

"आकडी येती तवा मी नसतीच. उठल्यावर कळतंय, की मला कुनी उचललंय, अंगावर लुगडं टाकलंय, तोंड पुसलंय. मगाशी मी हुते. तुमी कंगवा दावलासा. मला दिसत हुता. नुस्तं नाव येत न्हवतं."

मी म्हटलं, "नुसतं नाव नाही गं. लोक बोलतील तेही कळणार नाही नीट. वाचता यायचं नाही. शाळेत कशी बसशील?"

"आता कुठं बसवत्यात?" हे ती चिडून म्हणाली नाही, मला माहिती दिल्यासारखं म्हणाली. "मुकी असली तर आत्या मला रानात नील. आमच्यात एक मुकी हाय, यल्लूबाई. शेरडं राखती. कुठंबी जाती."

"शालन, तू अकरा वर्षांची आहेस."

"तुमाला कवा आकडी आलीया?"

"नाही."

"बोलनं गेलंय?"

"नाही."

"मला दोनी झालंय." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "मग मला का इचारत न्हाई कुनी?"

पलीकडच्या कॉटवर कुणाची तरी आई केळं सोलत होती. ती थांबून आमच्याकडे बघायला लागली. मला शालनला सांगण्यासारखं बरंच काही होतं: कायदा होता, डॉ. आठल्ये होते, पुढे येणारी साधनं होती. तिच्यापुढे मला खोटं बोलवेना.

"कारण तू हो म्हणशील," मी म्हटलं.

तिने थोडा वेळ वाट बघितली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग पाय न हलवता, सांगितलं होतं तसं, तिने फक्त मान भिंतीकडे वळवली. खाली ऑपरेशन रद्द झाल्याच्या कागदावर माझी सही हवी होती, नर्स दोनदा बोलवायला येऊन गेली होती. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी उठले आणि खाली जाऊन सही केली.